तूबाच्या पेल्याचं बूड

मी एका पेल्याचं बूड बोलतोय. हसू नका. एके काळी माझ्यावर उंच दांडी होती आणि दांडीवर सरबताचा अख्खा पेला. १९९८ साली कुवेतहून आम्ही सहा भावंडं रत्नागिरीला आलो, मिरकरवाड्यात मासेमारीची होडी चालवणाऱ्या हमीद तांडेलांच्या घरी. त्यांच्या पत्नी जन्नतबी आम्हाला फक्त ईदेला कपाटाबाहेर काढत.

२००२ साली धुताना मी हातून निसटलो. पेला फुटला, दांडी मोडली. जन्नतबी मला केरात टाकणार, तोच त्यांची लेक ओरडली, "अम्मी, बूड टाकू नको!"

ही तूबा. कॉलेजात फिजिक्स शिकायची. पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला तिची निवड झाली होती. हॉस्टेलच्या फॉर्मवर वडिलांची सही तेवढी राहिली होती, आणि हमीदभाई सही करेनात.

"तिथं जाऊन काय शोधणार गो तू?"

"कृष्णद्रव्य, अब्बा. ते दिसत नाही, पण त्याला वजन असतं."

"दिसतच नाही ते शोधायला पोरीला पुण्याला धाडू?"

तूबाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कागदावर शाईचा ठिपका काढला, मला त्यावर तिरपं धरलं आणि वडिलांना वाकायला लावलं. माझ्या जाड काचेतून एका ठिपक्याचे चार झाले.

"फार लांबून येणाऱ्या उजेडाच्या वाटेत एखादी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आली, की तिच्या वजनाने तो असाच वाकतो. एकाच्या चार प्रतिमा दिसतात."

"पण ह्यातला एक मोठा का?" हमीदभाईंनी विचारलं.

"तुम्हीच शोधा."

त्यांनी कागद बदलला, नवा ठिपका काढला. तोच मोठा! मग मला फिरवलं, तर तो लहान झाला आणि शेजारचा फुगला.

"म्हणजे खोट काचेत आहे." त्यांनी नखाने चाचपून पाहिलं. हाताला काही लागेना. माझ्या पोटात काचेची बारीक गाठ होती. माझी मलाच ठाऊक नव्हती.

"दीर्घिकेतही कृष्णद्रव्याच्या अशा लहान गाठी असतात," तूबा म्हणाली. "चारातली एक प्रतिमा वाजवीपेक्षा तेजस्वी दिसली, की त्यांचा सुगावा लागतो."

हमीदभाईंनी मला कागदावर ठेवलं. मग मांडीवर थाप मारून हसलेच.

"अगो, हे तर मी रोज करतो! खाडीच्या तोंडाशी बुडालेला खडक कुठं दिसतो? वरचं पाणी वळतं, म्हणून मी होडी वळवतो. आण तो फॉर्म."

"मग चार दिवस तोंड का फुगवलंत?" आतून जन्नतबींचा आवाज आला.

जूनमध्ये तूबा गेली. जाताना मला वडिलांच्या हातात देऊन गेली. आता मी त्यांच्या होडीवर, बिस्किटाच्या डब्यात कापसावर राहतो. पहिल्या वर्षी मी घरीच होतो; तिचा फोन आला, की बोलणं अर्धवट सोडून ते मला शोधत. "थांब गो, बूड घेतो. आता सांग."

खलाशी महिपत एकदा म्हणाला, "तांडेल, हे कळून मासळी वाढणार काय?"

"आधी वाक, मग बोल," हमीदभाई म्हणाले. महिपत वाकला. बराच वेळ उठलाच नाही.

तुम्हीही या. शुक्रवारी होडी धक्क्याला असते. फक्त कागद तुमचा आणा. आमचे सगळे ठिपक्यांनी भरलेत.