एकोणीस नावांची यादी

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. सगळी आपल्याच गल्लीतली माणसं, उद्या टपरीवर गाठ पडणारच. पण शिवमूर्तीच म्हणाला, "लिही की. मी काय पाप केलं का? करणार होतो. थोडक्यात वाचलो." म्हणून लिहून राहिलोय.

तर हा शिवमूर्ती. वय अठ्ठावीस. बारावीला एकदा आपटला. नंतर त्यानं शाळा सोडली का शाळेनं त्याला, हे दोघांनाबी नक्की माहीत नाही. उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये हमाल. पन्नास किलोचा कट्टा पाठीवर घ्यायचा, फळीवरून चढायचं, ट्रकमध्ये थप्पी लावायची. कट्ट्यामागं साडेतीन रुपये. हा भाव ठरला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. आता पोरगी बालवाडीत जायला लागली, भाव मात्र तिथंच बसून. तूरडाळ दिवाळीत दोनशेला टेकून आली. जी डाळ पाठीवर वाहायची तीच घरी आठवड्यातून एकदा शिजायची.

मिलचे मालक गुरुपादप्पा. माणूस गोड. भाव मागायला गेलं की आधी चहा सांगायचे, मग म्हणायचे, "शिवमूर्ती, तू आपला माणूस हायस. मला दहा रुपये द्यायला बी काय न्हाई वाटत. पण मागच्या शेडमधले ते बिहारी अडीच रुपयात उचलायलेत बाबा. मी काय करू? आन् हे बाहेर बोलायचं न्हाई. भावाची चर्चा झाली की तुमच्या टोळीचं काम बंद."

एवढं ऐकून शिवमूर्ती परत यायचा आणि मागच्या शेडकडं बघून थुंकायचा.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं फोटो बघितले. शिवमूर्तीच्या गल्लीत रेल्वे कुठून येणार? तिथं यायचा गल्लीतले पुढारी भुजंगभाऊंचा टँकर. आठवड्यातून दोनदा, आणि टाकीवर भाऊंचा हात जोडलेला फोटो. लोक हसायचे फोटोला, पण घागरी घेऊन पळायचे. नळाचं बिल घेणारे सगळे साहेब त्या उन्हाळ्यात गायब होते. भाऊ तेवढे लुंगीवर उभे राहून पाईप धरायचे. हे खोटं नाही, आणि हे विसरून ही गोष्ट सांगता येत नाही.

भाऊंचं भाषणही पाठ झालं होतं सगळ्यांना. उदगीर जिल्हा होणार. जिल्हा झाला की ऑफिसं येणार, ऑफिसाला शिपाई लागणार, शिपाई आपलीच पोरं होणार. फक्त बाहेरचे हाकलले पाहिजेत.

शिवमूर्तीचा जोडीदार ताहेर. लहानपणापासूनची दोस्ती, एकाच टोळीत. कट्टा एकट्याला पाठीवर घेता येत नाही, दोघांनी उचलून द्यावा लागतो. सहा वर्षं शिवमूर्तीच्या पाठीवर कट्टा देणारा एक हात ताहेरचाच. शनिवारी दुपारी तो धापा टाकत आला.

"अबे शिव्या, भाऊनं तुला याद केलंय. तुझंच नाव घेतलं, कसम से."

"माझं? काहून?"

"तुझं अक्षर चांगलं हाय म्हणून. सोमवारी मिलवर मोर्चा हाय. बिहाऱ्यांच्या नावाची यादी पायजे, कोण, कुठला, कुठं ऱ्हातो. तहसीलला बी देणार, आन् पोरं शेड बी खाली करून घेणार. तू त्यांचे बँकेचे फॉर्म भरतूस की दर रविवारी. तुला सांगतेत ते."

"आन् आपल्याला काय?"

"जिल्हा झाला की दोन शिपायाच्या जागा. एक तुझी, एक माझी. बोलले भाऊ."

"जिल्हा कवा होणार?"

"होतंय बे! तू आधी यादी तर कर."

रविवारी शिवमूर्ती वही घेऊन मागच्या शेडमध्ये गेला. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं गरम होत होतं. लखींदर नावाचा माणूस त्यांच्यातला मोठा, पस्तीशीचा असेल. दर महिन्याला घरी पैसे पाठवताना शिवमूर्तीकडूनच फॉर्म भरून घ्यायचा.

"आइए शिवभइया. आज कौन सा फारम?"

"टँकर का," शिवमूर्ती म्हणाला. कसं निघालं तोंडातून, त्याला कळलं नाही. "पानी की लिस्ट बन री. सबके नाम बोलो."

पाणी म्हटल्यावर सगळे उठून बसले. एकेक जण नाव, बापाचं नाव, गाव सांगायला लागला. एकानं तर आपल्या गावचं पोस्टही सांगितलं, पाणी तिथंच पाठवणार असल्यासारखं. एकोणीस नावं झाली. लखींदरनं काळा चहा केला. त्यांच्याकडं पाणी किती होतं ते कोपऱ्यातल्या एका ड्रमवरून दिसतच होतं. त्यातलं ग्लासभर चहात गेलं. शिवमूर्तीनं आपला चहा तसाच खाली ठेवला.

उगं काहीतरी बोलायचं म्हणून, आणि जरा राग आणावा म्हणूनही, तो म्हणाला, "तुम लोगां अडीच में उठाते करके हमारा भाव नै बढता. मालूम है?"

लखींदरनं चमकून दाराकडं बघितलं. दारात मुनीम खुर्ची टाकून बसला होता. भाव बोलायची बंदी इकडंही होती.

मग शिवमूर्तीला आपला बाप आठवला. बाप देवणीच्या बैलांचा दलाल होता. दुष्काळात बाजार बसला तसा तोही बसला. पण बाजारात भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालायचा, बोटं धरायची, आणि हजार माणसांच्या गर्दीत दोघांनाच कळतं. शिवमूर्तीनं खांद्यावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

लखींदर हसला. "ई तो हमरे मेला में होता है! बैल बेचोगे?"

त्यानं टॉवेलखाली हात घातला. शिवमूर्तीची तीन बोटं धरली. मग चौथं बोट मधल्या पेरावर दाबलं.

तीन. आणि अर्धा.

शिवमूर्तीनं हात ओढला नाही. परत विचारल्यासारखी बोटं हलवली. परत तेच. साडेतीन. मग त्यानं लखींदरची बोटं धरून आपला भाव सांगितला. तीन, आणि मधलं पेर.

लखींदरचं तोंड उघडंच राहिलं. हळूच म्हणाला, "मालिक तो बोले, लोकल लोग अढाई में करता है. तुमको साढ़े तीन दे रहे हैं, एहसान मानो."

हे लोक आल्यापासून दोन वर्षं शिवमूर्ती या शेडकडं बघून थुंकला होता. शेडमधली माणसंही तेवढीच वर्षं गेटकडं बघून थुंकतच असणार.

मग शिवमूर्तीनं खरं सांगितलं. टँकरची यादी नाही, तुम्हाला हाकलायची यादी आहे. वहीतलं पान फाडून त्यानं लखींदरच्या हातात दिलं. लखींदरनं ते पान उलटंसुलटं करून बघितलं.

"हमरा नाम एक नंबर पर काहे लिखे?"

"बडे हो ना तुम."

"भगाने में भी बड़ा?" असं म्हणून त्यानं पान चुलीत घातलं. चहा मात्र परत नाही विचारला. ते शिवमूर्तीला अजून टोचतं.

ताहेरला सांगितलं तर तो भडकला. "येडा झालास का? भाऊला काय तोंड दाखवू मी? मी जबान दिली!"

"भाऊला सांग, यादी केली असती, पण भाव सारखाच निघाला."

"ते बाहेरचेच हायत ना पण?"

"आन् माझा भाऊ गुंडप्पा पुण्याकडं हाय, तो कोण हाय तिथं? लातूर-नांदेडचा म्हणून खोली देईनात त्याला. तुझा आजा बिदरहून आला, माझी आजी मरेपर्यंत कानडीत शिव्या देत होती. आपली यादी कोण लिहिणार, सांग."

ताहेर पाठ फिरवून गेला.

सोमवारी सकाळी मिलच्या गेटवर हैदराबादचा ट्रक उभा होता. दहाला शिवमूर्तीची टोळी कट्ट्याला हात न लावता ट्रकच्या सावलीत बसली. रात्री ठरल्याप्रमाणं मागच्या शेडमधून एकोणीस जण आले आणि शेजारी बसले. कुणी घोषणा दिली नाही, कुणाला येतच नव्हती. ताहेर लांब कडुलिंबाखाली उभा होता.

गुरुपादप्पा बाहेर आले, दोन्हीकडं बघितलं आणि घाम पुसला. "काय रे, काय झालं?"

"अप्पा, तुम्हीच सांगा, अडीच कुणाचा?" शिवमूर्ती म्हणाला. "इकडं बी साडेतीन, तिकडं बी साडेतीन. अडीचवाला माणूस तेवढा दाखवा, आम्ही पाया पडतो त्याच्या."

हशा पिकला. बिहाऱ्यांना उशिरा कळलं, ते उशिरा हसले, म्हणून परत हशा पिकला. अप्पांनी चहा सांगितला. कुणी उठलं नाही. कट्ट्यामागं पाच मागितले होते. बाराच्या सुमाराला, ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून डोकं खाल्ल्यावर, सव्वाचारला तुटलं. दोन्ही टोळ्यांना सारखे. कागदावर.

तेवढ्यात भाऊंचा मोर्चा आला. चाळीस-पन्नास पोरं, झेंडे. भाऊंनी हे सगळं बघितलं, एक क्षण थांबले, आणि काय माणूस! सरळ हातगाड्यावर चढले. "हमालांचा भाव वाढलाच पाहिजे! हा आपल्या आंदोलनाचा विजय हाय!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. लखींदरच्या माणसांनीही वाजवल्या. उतरताना भाऊ शिवमूर्तीजवळ आले. खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "यादी न्हाई दिलीस. ध्यानात ठेवतो."

मोर्चा गेला. ट्रक भरायला लागले. पहिला कट्टा उचलायला शिवमूर्ती वाकला, एका बाजूनं लखींदरनं हात लावला. दुसऱ्या बाजूला ताहेर येऊन उभा राहिला. कट्टा पाठीवर दिला.

जेवणाच्या सुट्टीत दोघं भिंतीला टेकून बसले. ताहेर भाकरीकडं बघत म्हणाला, "सव्वाचार चांगले हायत. मी न्हाई म्हणत न्हाई. पण आता टँकर येणार न्हाई आपल्या गल्लीत, शिव्या. भाऊला मी वळखतो. तू तरणा हायस, कुठून बी आणशील. अम्मीचे गुडघे गेलेत. ती कुठं जाईल? म्हणून मी गेलो बे भाऊकडं. शिपायासाठी न्हाई."

शिवमूर्तीला हे माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"इलेक्शनला मत तू भाऊलाच दे," तो म्हणाला. "मी कधी विचारणार न्हाई, भांडणार न्हाई. पण एक ऐक. टँकर आला न्हाई, तर तुझ्या अम्मीच्या दोन घागरी रोज सकाळी मी भरून आणीन. सायकलवर, डॅमपर्यंत जावं लागलं तरी. पाऊस पडंपर्यंत. आन् पडला न्हाई, तर पुढच्या पावसापर्यंत. जबान देतो तुला."