वरच्या मजल्यावरचा मेक्सिको

“आता जे सांगतो ना, त्यावर तुम्ही काडीइतकाही विश्वास ठेवणार नाही,” दामूअण्णा म्हणाले आणि कॉफीचा पेला दोन बोटांत फिरवत गप्प बसले. गोष्टीआधी जरा गप्प बसायचं, म्हणजे ऐकणारा आपणहून पुढे सरकतो, ही त्यांची जुनी युक्ती.

अप्पाजी पुढे सरकला नाही. हॉटेल त्याचं, बाक त्याचा, आणि दामूअण्णांच्या गोष्टी ऐकण्यात त्याचे केस पिकलेले. दामूअण्णा टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात होते, तेव्हा त्यांनी म्हणे असा एक फोन बनवला होता, की त्यात खोटं बोललेलं पलीकडे पोचायचंच नाही. एका मंत्र्याने तो हौसेने घरी बसवून घेतला आणि आठवड्याच्या आत ‘मुका आहे’ म्हणून परत पाठवला. ही गोष्ट अप्पाजी आता स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत असे, आणि दामूअण्णांपेक्षा बरी सांगत असे.

“विश्वासाचं नंतर बघू, अण्णा. आधी खोलीचं बोला,” नीला म्हणाली. तिने डब्याचं झाकण उघडून दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला. “घ्या, गोड बोला. आणि खरं बोला.”

“खरं बोला असं त्यात कुठेय? गोड बोला, एवढंच आहे. आपल्या पूर्वजांना कळत होतं, दोन्ही एकदम जमत नाही.”

नीला या कानडी शहरात, चामराजपेटेतच जन्मली, इथेच बँकेत लागली. संक्रांतीचा तिळगूळ हे निमित्त होतं. तिची भाची वल्लरी नागपूरहून येत होती, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागून. दामूअण्णांच्या माडीवरची खोली तिला मिळाली, तर नीलाच्या जिवाचा घोर मिटणार होता. त्यासाठी तिने परवा रात्री जेवणं आटोपल्यावर फोन केला, आज सकाळी पुन्हा केला. दोन्ही वेळा दामूअण्णांनी “समोर बसून सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. आता समोर बसल्यावर काय मारून नेणार?

“खोलीचंच बोलतोय. खोलीत शार्दूल आहे.”

“तो पुण्याचा? तो तर गेला म्हणे.”

“कोण म्हणे?”

“सगळेच. दिवाळीपासून दिसलाय का कुणाला?”

दामूअण्णांनी समाधानाने मान डोलावली, जणू हाच प्रश्न यायला हवा होता. माडीवरच्या खोलीची किल्ली त्यांच्या स्वेटरच्या आतल्या खिशात होती आणि पुढे वाकलं की बरगडीला टोचत होती. शार्दूल गेलाच होता, पोर्तुगालला. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत, एक बॅग घेऊन. जाताना जिन्यात थांबून म्हणाला होता, “अण्णा, खोली लगेच कुणाला देऊ नका हं. नाही जमलं तर येईन परत.” माणसं जाताना असं म्हणतात. न म्हणता कसं जायचं, म्हणून म्हणतात. हे दामूअण्णांना कळत नव्हतं असं नाही. पण तेवढ्या एका वाक्यावर त्यांनी खोली धरून ठेवली होती.

“तो देश निवडतोय,” ते म्हणाले. “म्हणून दिसत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्याची कंपनी अमेरिकेतली. काम फोनच्या तारेतून येणार, तारेतून जाणार. मालकाने सांगितलं, तू कुठे बसून करतोस याच्याशी आम्हाला घेणं नाही. पृथ्वीवरचा पाहिजे तो देश निवड, कागदपत्रांचं आम्ही बघतो.”

अप्पाजी खो खो हसला. नीलाही हसली. “अण्णा, मी बँकेत चामराजपेटेतून जयनगरला बदली मागितली तर साहेब तीन वर्षं झुलवतात. आणि याला पृथ्वी दिली निवडायला?”

दामूअण्णाही हसले. मनात त्यांना जरा वाईटच वाटलं, कारण आज सांगायच्या होत्या त्या गोष्टींत तेवढीच एक खरी होती. जुना ॲटलास पुढ्यात घेऊन पोरगा खरोखर याच बाकावर बसायचा, बाय-टू कॉफीतला अर्धा पेला त्याचा, अर्धा यांचा. “अण्णा, तुम्ही सांगा ना, कुठे जाऊ?” असं विचारायचा. दामूअण्णा रोज नवा देश काढायचे आणि त्यात रोज काहीतरी खोट काढायचे.

“मी त्याला म्हटलं, अरे, चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावलं चालतो. देश काय तसाच घ्यायचा? आधी माडीवर लावून बघ. एक देश घे, त्याचं घड्याळ लाव. त्यांची सकाळ झाली की ऊठ, त्यांची रात्र झाली की झोप. पंधरा दिवसांत कळेल, अंगाला बसतो की नाही.”

“आणि त्याने ऐकलं?” अप्पाजीने विचारलं.

“पहिला लावला न्यूझीलंड. तिथे आपल्याआधी उद्या उजाडतो. त्यामुळे झालं असं, की पोराला उद्याचं सगळं आजच कळायला लागलं. जिन्यातून हाक मारायचा, अण्णा, उद्या नळाला पाणी नाही, घागरी भरून ठेवा. आणि दुसऱ्या दिवशी थेंब नाही.”

“चामराजपेटेत उद्या पाणी नाही, हे मीही सांगतो,” अप्पाजी म्हणाला. “मी कुठे न्यूझीलंडला राहतो?”

“स्वल्प दम धर. तर सगळं कळायला लागलं, आणि पोरगा सुकत चालला. माणसाला कशाची तरी वाट बघायला लागते, अप्पाजी. ती नसेल तर जेवण जात नाही. मग न्यूझीलंड सोडला आणि फिनलंड घेतला. हिवाळ्यात तिथे सूर्यच नाही. आम्ही खिडक्यांना घोंगड्या ठोकल्या. आत असा गारठा पडला, की खोबरेलाच्या बाटलीचा दगड झाला.”

“माझ्याकडेही झालाय,” नीला म्हणाली. “जानेवारी आहे, अण्णा.”

“तुझ्याकडे बाटलीचा झाला. आमच्याकडे पालीचा झाला. भिंतीवर होती तिथेच गोठली, शेपटी वर करून. मी येता-जाता तिला टोपी अडकवायचो. एके दिवशी घोंगडीचा कोपरा सुटला, ऊन आत आलं, तशी चुकचुकली आणि टोपी घेऊन पळाली. तेव्हापासून बघ, मी बोडकाच फिरतो.”

नीलाला ठसका लागला. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि आवाज जरा वेगळा काढला. “बरं. पण माडीवर दिवा दिसत नाही तो?”

“घोंगड्या काढल्यात कुणी?”

“दोरीवर कपडे नाहीत.”

“रात्री धुतो, पहाटेच्या आत काढतो. त्याची दुपार असते ती.”

“आणि कॉम्प्युटर? तो तर विकत घेणारा गाडीवर घालून नेताना अप्पाजीने पाहिला.”

अप्पाजी एकदम टेबल पुसायला लागला. “कॉम्प्युटर की टीव्ही, नीट दिसलं नाही मला,” तो म्हणाला.

“जुना नेला, नवा आला,” दामूअण्णा म्हणाले. “माझ्याच फोनची तार जोडलीय त्याला.”

“ते नका सांगू. त्या मोडेमपायी मी किती वेळा कपाळ बडवलंय. तुमचा फोन सदा एंगेज. प्रतिमाकाकूंच्या वर्षश्राद्धाचं विचारायला शेवटी चालत आले होते मी.”

“आहेच. पोरगा कामाला बसला की फोन अडला. अख्ख्या चामराजपेटेने शिव्या दिल्या तरी मी बोललो नाही. त्याचं पोट आहे ते.”

हे ते छाती काढून म्हणाले, आणि त्यांना जुन्या दिवसांची आठवण झाली. रिसीव्हर उचलावा तर आत ती चिरचिर, जणू रातकिड्यांची लग्नसराई. बायको, प्रतिमा, गेल्यावर घरात पहिल्यांदा कसला तरी आवाज झाला होता. छतातून पावलं, खुर्ची सरकल्याची घरघर, मग जिन्यावर धडधड आणि “अण्णा, कॉफी?” आता रिसीव्हर उचलला की डायलटोन, स्वच्छ. आयुष्यभर कारखान्यात त्यांनी फोनच्या घंटा जुळवल्या होत्या. आता घरातली एकच घंटा त्यांना दिवसाकाठी पुन्हा पुन्हा तपासावीशी वाटे, बिघडली तर नाही ना म्हणून. पोर्तुगालहून एक फोन आला होता. “पोचलो अण्णा, पुन्हा करतो,” आणि लाइन तुटली. ‘पुन्हा’ अजून यायचा होता. आणि ही वल्लरीही कॉम्प्युटरवालीच. तिने संध्याकाळी मोडेम लावलं, आणि नेमका तेव्हाच त्याने पोर्तुगालहून नंबर फिरवला, तर?

“सध्या मेक्सिको चालू आहे,” ते घाईने म्हणाले. “हा बसेल असं वाटतंय. मेक्सिको आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडल्या अंगाला. काटे जरासे हलवायचे, बाकी दिवसाची रात्र. आणि आता ऐका. इतकी वर्षं वरच्या भाडेकरूची पावलं मला छतातून ऐकू यायची. मेक्सिको लागल्यापासून फरशीखालून येतात. पलंगावरून खाली वाकून कान लावतो, तर चालतोय.”

पालीवर हसलेली माणसं यावर हसतील असा त्यांचा हिशेब होता. कुणी हसलं नाही. नीला डब्याच्या कडेवरचे तीळ बोटाने टिपत राहिली, आणि अप्पाजी उगाच आतल्या माणसाला “दोन इडली” म्हणून ओरडला, कुणी मागवल्या नसताना.

दामूअण्णांच्या मनात आलं, हे सांगायला नको होतं. छत मुकं झाल्यावर ते एकदा स्वतःच किल्ली लावून माडीवर गेले होते आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून पाहिलं होतं. काही उपयोग झाला नाही. वर चालणाऱ्याला खालून ऐकता येत नाही.

“सरी, बरं तर,” म्हणत नीला उठली. तिने कागदात चार वड्या बांधल्या. “असेल तर त्याचाही सण आहे. मीच माडीवर नेऊन देते.”

“आत्ता? आत्ता मेक्सिकोत पहाट. गाढ झोपलेला असेल. दे माझ्याकडे, उठला की देतो.” त्यांनी पुडी घेतली आणि किल्लीच्या खिशात ठेवली. “रात्री आपली जेवणं होतात ना, तेव्हा तो कामाला बसतो.”

“रात्री जेवणं झाल्यावर?”

“रोज. नेमाने.”

“अक्का, बसा हो, कॉफी आणतो,” अप्पाजी मध्येच म्हणाला. “बाय-टू करतो, तुमच्यात नि अण्णांच्यात.”

नीला बसली नाही. मंडईच्या बाजूने एक बस आली, थांबली, गेली. बस गेल्यावर नीला बोलली, तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

“परवा रात्री जेवण झाल्यावरच फोन केला होता मी.”

“परवा त्याला सुट्टी होती.”

“दिवाळीपासून मी सकाळी केला, दुपारी केला, रात्री केला. एकदाही एंगेज नाही लागला. घंटा पुरी वाजत नाही तोवर उचलता तुम्ही. आणि ‘हॅलो’ म्हणत नाही, अण्णा, ‘शार्दूल?’ म्हणता. वर झोपलेल्या माणसाचा फोन कशाला येईल? थाप आहे ही. माडीवर कोणी नाहीये.”