उतू जाणारी बारूद

माझा नवरा एमिल हुडाक महाहट्टी माणूस. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावरच बोलते. जन्मभर पोलादाच्या गिरणीत क्रेन चालवली आणि हात एकदाही थरथरला नाही, याचा त्याला भारी तोरा. गिरणी बंद पडली, गाव ओस पडलं, पण नदीकाठचा नेमबाजीचा क्लब टिकून राहिला. हिवाळाभर दर रविवारी आम्ही दोघं तिथे कागदी लक्ष्यांवर पिस्तूल चालवतो. काडतुसं एमिल घरीच, तळघरात भरतो. स्वतःची आणि माझीसुद्धा.

आमचं भांडण बारुदीवरून. त्याची लाडकी बारूद बारीक, जड दाण्यांची. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या तळाशी एवढीशी चिमूट पडली की काम झालं. पण तीच चिमूट चुकून दुसऱ्यांदा पडली तरी वरवर बघून काहीच फरक कळत नाही. वर गोळी बसते, काडतूस शहाण्यासारखं डब्यात जाऊन बसतं, आणि ज्याच्या वाट्याला येतं त्याच्या हातात पिस्तूल फुटतं. मला हवी होती ती फुगीर बारूद, पोह्यांसारख्या पातळ चकत्यांची. एका मापातच ती पुंगळी गळ्यापर्यंत भरते. दुसरं माप घातलंत तर उतू जाऊन टेबलावर सांडते. आंधळ्यालाही कळेल.

"कचरा आहे नुसता," एमिल म्हणायचा. "मापातून सरळ पडत नाही, वर काजळी धरते."

"काजळी धुता येते रे. बोटं पुन्हा उगवत नाहीत."

"ज्याचा हात डगमगतो त्याने वापरावी. माझा डगमगतो का?"

एकदा मी चिडून तिचा एक डबा विकतच आणला. त्याने नाक मुरडलं आणि तो रंगाच्या डब्यांमागे ढकलून दिला. मग मीही नाद सोडला. भिंतीशी किती वेळ बोलणार?

पण एक नियम तो पाळायचा. लाकडी फळीच्या खाचांत पुंगळ्या ओळीने उभ्या करायच्या, सगळ्यांत बारूद टाकायची, आणि गोळ्या बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून डोकवायचं. परवा शनिवारी दुपारी तो स्वतःची काडतुसं भरत बसला होता. निम्म्या पुंगळ्यांत बारूद पडली असेल, तेवढ्यात बॉयलर धडाधडा वाजायला लागला. मी धावत खाली गेले, खिळ्यावरचा टॉर्च घेऊन बॉयलरमागे घुसले. एमिलने पाना चालवला, आणि गरम पाण्याने आम्ही दोघं चिंब झालो. बऱ्याच वेळाने बॉयलर गप्प झाला आणि तो परत टेबलाशी गेला.

जेवताना मी विचारलं, "सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारलास ना?"

"मारला गं बाई, मारला. हलुपकी वाढ अजून दोन. वर गुंडाळलेला कोबी आज छान मऊ झालाय."

काल हिवाळी चषकाचा शेवटचा दिवस होता. एमिल पहिल्या नंबरावर होता, आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या डाव्या हाताला त्याची जागा, मध्ये एक फळकूट. पहिली फेरी सावकाश नेम धरून खेळायची असते, घाई नाही. मी काही गोळ्या मारल्या, तेवढ्यात चष्म्यावर वाफ धरली. पिस्तूल ठेवलं आणि दुसरा चष्मा काढायला पिशवीत हात घातला.

हाताला टॉर्च लागला.

मी बघतच राहिले. बॉयलरमागून निघाल्यावर गडबडीत मीच तो तळघरात ठेवलेल्या या पिशवीत टाकला होता. नंतर पिशवी वर, स्वयंपाकघरात. घरात टॉर्च हा एकच. दुसऱ्याचे सेल कधीचे संपलेत आणि तो गाडीत धूळ खात पडलाय. म्हणजे एमिलने टॉर्च मारलाच नव्हता. सवयीने मारल्यासारखं वाटलं असेल, बाकी काही नाही. आणि बॉयलर वाजला तेव्हा तो नेमका कुठल्या पुंगळीपाशी होता, हे त्याला तरी आठवत असेल का?

फळकुटापलीकडे त्याने पिस्तूल उचललं. ठो! मी डोळे मिटले. उघडले तर तो धडधाकट उभा. पुन्हा ठो! देवा, पुढचं नको, पुढचं नको, एवढंच मनात चाललं होतं.

आणि माझ्या स्वतःच्या डब्याचं काय? तीही त्याच्याच हातची काडतुसं. पिस्तुलाला हात लावायची हिंमत होईना.

थांबवायचं तर कुणीही ओरडू शकतं, क्लबाचा तसा नियमच आहे. पण उगाच ओरडणाऱ्याची पुढचं वर्षभर टिंगल होते. आणि ओरडून सांगायचं काय? सगळ्या क्लबाला शिस्तीचे धडे देणारा एमिल हुडाक न बघता काडतुसं भरतो? तेही त्याचा चषक हाताशी आलेला असताना? तो मला जन्मात माफ करणार नाही, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात त्याच्या पिस्तुलातून उडालेली रिकामी पुंगळी फळकुटावरून टणकन माझ्या टेबलावर पडली, माझ्या पुंगळ्यांच्या शेजारी. ती आतून स्वच्छ होती, घासलेल्या भांड्यासारखी. माझ्या सगळ्या काळ्या. एकीच्या काठाला न जळलेली चकती चिकटलेली, पोह्यासारखी पातळ.

वर्षानुवर्षं स्पर्धेनंतर माझे हात काळे आणि त्याचे स्वच्छ. विचारलं की म्हणायचा, "तुझं पिस्तूल म्हातारं झालंय, धूर मागे मारतं." आणि मी खुळी ते खरं मानत आले. रंगाच्या डब्यांमागचा तो डबा त्याने टाकलाच नव्हता, उलट संपला की गुपचूप नवा आणत असणार. माझी काडतुसं तो त्याच बारुदीने भरत होता, आणि स्वतःची त्या जड दाण्यांनी.

म्हणजे मला काहीच होणार नव्हतं. जे व्हायचं ते त्यालाच होणार होतं. त्याने पिस्तूल पुन्हा उचललं.

"थांबा!" मी किंचाळले. "गोळीबार थांबवा! थांबवा!"

सगळी रांग गप्प झाली, पिस्तुलं टेबलांवर गेली. रांगेवर देखरेख करणारा क्लीट युरिक धावत आला. "रोझी, कुणाला लागलं? काय झालं?"

एमिल लालबुंद झाला होता. "वेड लागलं का तुला? आजच्या दिवशी?"

मी नुसता टॉर्च वर धरला.

त्याने टॉर्चकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. चेहऱ्याचा रंग उतरला. "मी मारला होता..." तो पुटपुटला आणि तिथेच अडकला. मग पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर ठेवलं, काडतुसांच्या डब्याला झाकण लावलं.

"क्लीट, मी बाहेर. माझी काडतुसं तपासलेली नाहीत. हिला खेळू दे. हिची वेगळ्या बारुदीची आहेत."

"कुठल्या बारुदीची?" पलीकडून कुणीतरी विचारलं. "तू कचरा म्हणतोस तिची?"

एकदोघं हसले. एमिलने मान वर केली नाही. मीही पुढे खेळले नाही. माझंही पिस्तूल रिकामं करून पिशवीत घातलं.

घरी आल्यावर कोटही न काढता आम्ही तळघरात गेलो. वजन करून काही कळलं नसतं. पुंगळ्या दहा ठिकाणच्या, त्यांच्या वजनातच चिमटीहून जास्त फरक. म्हणून उरलेलं एकेक काडतूस गोळी उपसायच्या खास हातोडीच्या पोकळ डोक्यात घालून आपटायचं, गोळी सुटली की बारूद पांढऱ्या बशीत ओतायची. तो आपटत होता, मी टॉर्च धरून होते. चिमूट. चिमूट. चिमूट. मला वाटायला लागलं, आपण उगाच त्याचा चषक घालवला.

मग एका पुंगळीतून बारूद पडतच राहिली. बशीत दुप्पट ढीग झाला.

एमिलने हातोडी खाली ठेवली. कधी न थरथरणारा तो हात बशीच्या काठावर टकटक वाजत होता.

"माझ्यासाठी ती वापरायचास," मी म्हटलं. "मग स्वतःसाठी का नाही रे?"

"तुझ्यापुढे हरलो असतो ना." मग बशी बाजूला सारत म्हणाला, "माझा हात गेला असता तर गेला असता, रोझी. तुझा गेला असता तर मी काय केलं असतं?"

"आणि तुझा गेला असता, तर मी काय टाळ्या पिटल्या असत्या?" मी ओरडलेच, आणि ओरडता ओरडता रडायला लागले.

तो उठला. रंगाच्या डब्यांमागून तो डबा काढला, कानाशी धरून हलवून पाहिला.

"दोघांना पुरेल," तो म्हणाला.