इद्रिसभाईंच्या निंबाखालची बुरशी

मी एक जुनी बुरशी आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका! शिळ्या भाकरीवर चढते ती आमची उनाड भावकी. मी मुळांशी नांदणारी. केसाहून बारीक धाग्यांनी मी दूरचा ओलावा झाडाला आणून देते आणि झाड मला पानांत केलेली साखर देतं. फुकटचं कधी खाल्लं नाही.

माझा जन्म डोंगरातल्या मोलगी गावचा, सोनीबाईंच्या घरामागच्या निंबाखाली. तिथे मी सुखात होते. इकडे नंदुरबारला मात्र इद्रिसभाईंच्या घरी आक्रीत घडलं होतं. त्यांचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान. बॅटरीतलं शिसं मिसळलेलं ॲसिड वर्षानुवर्षं मागच्या अंगणात ओतलं गेलं. गवताची काडी उगवेना, वारा सुटला की धूळ घरात. नात अतिका त्याच मातीत खेळली आणि तिच्या रक्तात शिसं निघालं. इद्रिसभाई हादरले. ओतणं थांबवलं, अतिकाला अंगण बंद केलं. धूळ बसावी म्हणून निंबाची दोन रोपं लावली, पण दोन्ही वाळली.

त्याला कारण त्यांचा स्वच्छ हात! बॅटरीच्या पट्ट्या धुवायची सवय, म्हणून रोपाची मुळंही नळाखाली लख्ख करायचे. माझ्यासारख्या सगळ्या मोरीत वाहून जायच्या.

सोनीबाई नंदुरबारच्या बाजाराला आमचूर घेऊन यायच्या आणि इद्रिसभाईंची बायको अख्तरबानो तो त्यांच्याकडूनच घ्यायची. रोपं वाळल्याची तिची रड ऐकून सोनीबाईंनी आपल्या निंबाखालचं रोप आणलं. मातीसकट, म्हणजे माझ्यासकट. इद्रिसभाई ते घेऊन नळाकडे निघाले.

"धवू नको भाऊ! ती त्यानी मायनी माटी शे," सोनीबाई ओरडल्या. म्हणजे रोपाच्या आईची, जुन्या निंबाची माती.

"गंदी माटी शे ही!"

हसावं की रडावं? ज्यांचं अंगण विषारी, ते मला गंदी म्हणत होते! पण अख्तरबानोनं रोप हातातून काढून घेतलं आणि तसंच लावलं.

पहिले दिवस वाईट गेले. माझे कितीतरी धागे जळाले. उरले त्यांनी शिसं जमेल तेवढं स्वतःत धरलं आणि झाडाला पाणी दिलं. निंब छपराला लागला. खाली गवत आलं, धूळ बसली. अतिकाच्या रक्तातलं शिसं उतरू लागलं. मला फार बरं वाटलं.

मग परवा काय झालं, ऐका. टाकाऊ ॲसिड साठवायचं दुकानातलं पिंप भरलं आणि ते नेणारा माणूस आलाच नाही. इद्रिसभाई बादली घेऊन निंबाशी आले. "आते झाड मोठं व्हयनं. सोशी लेई."

सोसणारी मी होते, आणि मला तोंड कुठे?

अख्तरबानो धावत येऊन बुंध्यापुढे उभी राहिली. "पोरनं रगत इसरी गयात का?"

इद्रिसभाईंचा चेहरा पडला. बादली त्यांनी जपून परत नेली.

मित्रांनो, झाड हिरवं दिसलं म्हणजे माती बरी झाली असं समजू नका. शिसं गेलेलं नाही, मी ते धरून बसले आहे. माझ्यावर काही ओतू नका, मला उकरू नका. माझे हात सुटले की तेही सुटेल, आणि समोर उंबऱ्यातच अतिका बसलेली असते.