सासूबाईंच्या कुंड्यांतली आंबुशी

सासूबाईंनी त्या सकाळी जावयाच्या पोटावर पाय दिला, तोही मोठ्या मायेने.

जावई बारमध्ये कॉकटेल बनवायचा. बारच्या मागच्या अंगणात फरशांच्या फटींतून आंबुशी माजली होती. तीन-तीन नाजूक पानं, इवलंसं पिवळं फूल आणि चव अशी आंबट, की डोळा आपोआप मिटावा. लिंबाला रजा देऊन त्याने या पानांवर जिनचं नवं कॉकटेल बसवलं होतं. मालक संध्याकाळी चाखणार होते. पसंत पडलं तर मेनूवर त्याचं स्वतःचं पहिलं कॉकटेल येणार होतं.

बारच्या वरच राहणाऱ्या लेकीला भेटायला सासूबाई आल्या, अंगण बघून त्यांनी नाक मुरडलं आणि बाह्या सरसावल्या. जावई बर्फ घेऊन परतेपर्यंत अंगण लख्ख झालं होतं. आंबुशी कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच रवाना झाली होती.

"काय हे तण माजू दिलंत, जावईबापू! मुळासकट काढलं बघा."

आता सासूला बोलणार काय, कपाळ? "छान केलंत, आई," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. बायकोने मात्र सगळं सांगून टाकलं. सासूबाई ओशाळून घरी गेल्या. एरवी त्या चारचौघांत 'जावई हॉटेल लाइनमध्ये आहेत' एवढंच सांगायच्या, बारचं नावही काढायच्या नाहीत.

जावयाने आजूबाजूच्या बागा पालथ्या घातल्या. जिथे आंबुशी होती तिथे औषध फवारलेलं. दुपारी सासूबाईंचा फोन आला, "घरी या. एकटेच या."

त्यांच्या गच्चीतल्या गुलाबांच्या बागेला दरवर्षी स्पर्धेत स्वच्छ बागेचा कप मिळायचा. सासूबाईंनी त्याला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि चटईचा आडोसा बाजूला केला. मागे कुंड्यांची रांग, आणि कुंड्यांत आंबुशीचं रान!

"उपटून उपटून थकले, मेली मरतच नाही. परीक्षकांच्या नजरेला पडू नयेत म्हणून या कुंड्या इथे दडवते. कुणाला सांगाल तर याद राखा!"

जावयाला हसू आवरेना. मग त्याही हसल्या. दोघांनी मिळून टोपलीभर पानं तोडली.

संध्याकाळी मालकांनी घोट घेतला, एक डोळा मिटला आणि ग्लास रिकामा करूनच खाली ठेवला. "उद्यापासून मेनूवर. पण पानं रोज मिळतील ना?"

"घरचाच मळा आहे," जावयाने ठोकून दिलं.

पुढच्या आठवड्यात तो पानं न्यायला गेला, तर कुंड्या राजरोस गुलाबांच्या पुढे, उन्हात मांडलेल्या. कपासाठी वर्षानुवर्षं झुरणारी शेजारीण भिंतीवरून डोकावली. "अगंबाई, तुमच्याकडे तण?"

जावयाने टोपली पाठीमागे लपवली.

"तण काय म्हणता?" सासूबाई झारी सरसावत म्हणाल्या. "जावयांसाठी लावलीय. बारमध्ये असतात ना आमचे जावई!"

जावयाचा ऊर भरून आला. त्याने पटकन एक पान तोंडात टाकलं, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त झालं.