कागदावरची भाची

फुलाबाईंनी पदर सावरला, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि सांगून टाकलं, "भाची हाय माजी."

टेबलापलीकडे विद्यार्थी मदत मंडळाचे अध्यक्ष नारायणराव चष्म्यावरून बिपनाकडे बघत राहिले. रुंद गालफडं, बारीक डोळे आणि अर्जावर आडनाव थापा. त्यांच्या शेजारी बसलेल्या मंडळाच्या सचिव मधुवंतीबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

बिपना मान ताठ ठेवून बसली होती. तिचे वडील, दिलबहादूर, शिवऱ्याच्या एका ढाब्यावर आचारी होते. नेपाळातून आले तेव्हा बिपना त्यांच्या कडेवर होती. फुलाबाईंच्या घरामागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. पुढं आई तापानं गेली आणि ही पोर फुलाबाईंच्या चुलीपाशीच वाढली. आज ढाब्यावर लग्नाची ऑर्डर होती म्हणून वडिलांच्या जागी फुलाबाई भोरला आल्या होत्या.

"मराठी घेऊन बी.ए. करायचंय?" नारायणरावांनी विचारलं. "हॉटेलचा कोर्स कर की. लगेच नोकरी लागते. वडीलही त्याच कामात आहेत."

"बाबा आहेत. मला शिकवायचंय. शाळेत, मराठी."

"मराठीच का?"

"मला तीच सगळ्यात चांगली येते. नेपाळी बोलताना मी अडखळते, बाबा हसतात."

मधुवंतीबाईंनी आता मोकळेपणानं हसून घेतलं. नारायणरावांनी पेनाचं टोपण काढलं.

"हे बघ, मंडळाची मदत तालुक्यातल्या कुटुंबातल्या मुलांसाठी आहे. पण फुलाबाई म्हणताहेत, तर भाची म्हणून लिहून टाकू. पदवी होईपर्यंतची फी, पुस्तकं, एसटीचा पास, सगळं मंडळ बघेल. मी जास्त विचारत नाही, तूही जास्त सांगू नकोस."

माणूस मनापासून बोलत होता. फुलाबाईंनी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. बिपनाने पुढं झुकून अर्जावर हात ठेवला.

"नका लिहू, सर. मी यांची भाची नाही."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"माहीत आहे. पण मग वर्गात मुलं विचारतील, बाई तुम्ही शिकलात कशा, तेव्हा मी काय सांगू? मी नेपाळची आहे. शिवऱ्याचीही आहे. दोन्ही लिहायला जागा असेल तर लिहा."

"नियमात तशी जागा नाही," मधुवंतीबाई हळूच म्हणाल्या.

"मग नियमात करा, मॅडम. मी पुढच्या वर्षी परत येईन. तेव्हाही मी हीच असेन."

नारायणरावांनी टोपण पुन्हा बसवलं. अर्ज त्यांनी तसाच तिच्याकडे परत सरकवला.

परतीच्या एसटीत फुलाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. कापूरहोळ आलं तरी त्यांनी मान वळवली नाही. मग एकदम म्हणाल्या, "माज्या ताटात जेवलीस. तुज्या येन्या म्या घातल्या. आन् चारचौघांत म्हनतीस, मी यांची कुनी न्हाई."

"मावशी, म्या तसं न्हाई म्हनलं. भाची न्हाई, एवढंच म्हनलं."

"तेच ते."

"न्हाई वो, तेच न्हाई ते."

फुलाबाईंनी पुढं ऐकून घेतलं नाही. घरी दिलबहादूरनी सगळं ऐकलं, ताटातला भात चिवडत बसले आणि एवढंच म्हणाले, "साहेबांना नाही कसं म्हणालीस तू? मला कधी जमलं नाही."

चार-आठ दिवस फुलाबाईंनी अबोला धरला. मग एका सकाळी दारात येऊन, तिच्याकडे न बघताच त्यांनी सुनावलं, "हायवेला माज्या पेरूच्या टपरीवर दुपारचं बसत जा. रोजाचं पैसं देईन, फी भर. फुकट कायबी देनार न्हाई."

बिपनाने भोरच्या कॉलेजात नाव घातलं. सकाळी वर्ग, दुपारी टपरी. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर पुस्तक. फुलाबाई तिच्याशी पेरूंपुरतंच बोलत. कुठले कच्चे, कुठले पुढं मांडायचे, बास.

दिवाळी सरली. थंडीत पेरूंचा हंगाम भरात असताना पुण्याची एक गाडी टपरीसमोर थांबली. गॉगल लावलेल्या बाई उतरल्या, एकेक पेरू हाताळू लागल्या. बिपना वजन करत होती. बाईंनी तिला निरखलं, मग फुलाबाईंकडे वळल्या.

"ही कामाला ठेवलीय का? इकडची दिसत नाही."

बिपनाचा हात थबकला. फुलाबाई पाटीतल्या पेरूंवर पाणी शिंपडत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"नेपाळची हाय ती," त्या आवाज चढवून म्हणाल्या. "कॉलेजात मराठी शिकतीया. मास्तरीन व्हनार हाय. तुमच्या पोरांनाबी शिकवंल."

बाई जरा गोऱ्यामोऱ्या झाल्या. "हो का? छान. आणि तुम्ही?"

"मी टपरीवाली."

"ही माझी मावशी," बिपना म्हणाली, आणि भरलेल्या पिशवीत तिनं आणखी एक मोठा पेरू टाकला.

"ए बाय, काटा बघ की," म्हणत फुलाबाईंनी तो पेरू परत काढून घेतला.