कच्चा टाका

"आवं, टोपरं परत बसंना झालंय बगा!" मुक्ताबाईनं सात महिन्यांच्या पारूला नवऱ्याच्या शिलाई मशीनजवळ आणलं.

"कापड आटलं असंल धुऊन," नाथाजी मान वर न करता म्हणाला आणि त्यानं शिवण तिसऱ्यांदा उसवली.

अख्ख्या वडूजात नाथाजी शिंप्याचं माप कधी चुकलं नव्हतं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की हा नजरेनंच छाती-कंबर सांगायचा. पण पोटच्या पोरीच्या डोक्याला त्यानं टेप लावलीच नव्हती. बिचाऱ्या कापडावर आळ घेत बसला! भ्यालेलं माणूस दुसरं काय करणार?

मग पारू दूध उलटू लागली. तिची बुबुळं खालीच ओढल्यासारखी राहू लागली. तेव्हा मात्र मुक्ताबाईनं ऐकलं नाही, नवऱ्याला ओढतच मिरजेच्या एसटीत बसवलं.

डॉक्टरांनी आधी डोक्याला टेप लावली. एकोणीस इंच. हे तर तीन वर्षांच्या पोराचं माप, नाथाजीला कुणी सांगावं लागलं नाही.

"हिच्या मेंदूतली पाण्याची वाट जन्मापासूनच अरुंद आहे. पाणी डोक्यातच साचतंय. बारीक नळी घालून ते पोटात उतरवावं लागेल."

"आन् न्हाई घातली तर?" मुक्ताबाईनं विचारलं.

"मेंदू दबत जाईल. नजर जाईल, जीवही जाईल. नळीचीही खात्री नाही, ती तुंबू शकते. दबलेलं किती सावरेल, तेही आज सांगता येत नाही. डोकं वाढतंय हे कधी कळलं?"

मुक्ताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

"टोपरं तीनदा उसवलं, डाक्टरसाहेब. मला पयल्यांदाच कळलं व्हतं. लय भ्या वाटलं."

नाथाजीनं ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

पारू वाचली. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, "दर आठवड्याला माप घ्या. वाढलं तर लगेच या."

पहिल्या गुरुवारी नाथाजीनं टेप वेढली आणि डोळे गच्च मिटले.

"तूच बग."

"मला कुटं आकडं येत्यात?"

"मग टेप जुळती तितं नखानं धर."

मुक्ताबाईनं नख रोवलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. एकोणीस.

"तेवढंच हाय गं," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

मग त्यानं टोपरं मांडीवर घेतलं आणि हातानंच लांब लांब कच्चे टाके घालू लागला.

"मशीनवर पक्कं शिवा की आता," मुक्ताबाई म्हणाली.

"फुडच्या बेस्तरवारी माप घिऊन बगू," नाथाजी म्हणाला.